माशांच्या टाकीत साथ शिरली तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे आजारांचीच आहेत. जवळपास प्रत्येकाने कोणते औषध टाकले ते लिहिले आहे, पण टाकीत पाणी किती लिटर, ते किती अंशांवर आणि शेवटचा नवा मासा कधी आणला, हे फारच थोड्यांनी कळवले. पुढच्या पत्रात या तीन गोष्टी आधी लिहा. निम्मे निदान त्यातच होते.

प्रश्न : थंडीत गोल्डफिशच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराने दिलेले निळे औषध दोनदा टाकले. ठिपके गेले, पण आठवड्याने दुप्पट होऊन परत आले. टाकी दोन फुटी, मासे सहा. औषध बनावट असेल का? (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

औषध बनावट असेलच असे नाही. ते चुकीच्या वेळी पडले आणि लवकर थांबले. हा ‘इक’ नावाचा आजार आहे. ठिपका म्हणजे कातडीखाली जाऊन बसलेला एकपेशीय परजीवी. तिथे त्याला पाण्यातले औषध लागत नाही. पोट भरले की तो मासा सोडून तळाच्या खड्यांवर उतरतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत शेकडो पिल्लांत विभागतो. कवचातही तो सुरक्षितच असतो. ही पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेव्हाच मीठ किंवा औषध त्यांना मारू शकते. म्हणजे ठिपके गेले म्हणून तुम्ही हायसे वाटून घेतले, त्याच दिवसांत ते तळाशी वाढत होते.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालते. २५ अंशांवर ते चार ते सहा दिवसांत पुरे होते, पाणी १५ अंशांजवळ आले की दोन आठवड्यांच्या आसपास जाते. जानेवारीतल्या गार पाण्यात दोनदा टाकलेले औषध म्हणूनच वाया गेले. उपचारात पहिले काम पाणी गरम करून चक्र भरभर फिरवण्याचे, म्हणजे पिल्ले लवकर बाहेर पडतात आणि सापडतात.

आधी लिटर नीट काढा. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाण्याची उंची ३२ असेल तर ६० × ३० × ३२ भागिले १०००, म्हणजे साधारण ५७ लिटर. खडे-दगडांचे दहा टक्के वजा करा, ५० धरा. दुकानात ‘सत्तर लिटरची टाकी’ म्हणून सांगतात तो आकडा काठोकाठ भरलेल्या रिकाम्या टाकीचा असतो. त्यावर मात्रा काढली की दीडपट औषध पडते.

५० लिटरला ७५ किंवा १०० वॉटचा हीटर पुरतो. दिवसाला दोन-तीन अंश चढवत पाणी २८ वर आणा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा हवेचा पंप रात्रंदिवस सुरू ठेवा. मीठ लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला एकूण १५० ग्रॅम. ते एकदम टाकायचे नाही. ५० ग्रॅम मग्यात विरघळवून सोडा, बारा तासांनी आणखी ५०, मग उरलेले ५०. स्वयंपाकाचे खडेमीठ चालते. एवढ्या मात्रेत आयोडीनने मासे मरतात ही समजूत खरी नाही. मात्र टाकीत जिवंत वनस्पती, कोरीडोरास किंवा लोच (हे तळाशी राहणारे मासे) असतील तर ही मात्रा त्यांना सोसत नाही. त्यांना आधी वेगळे काढा.

दर दोन दिवसांनी नळीने तळ ओढून चौथाई पाणी बदला, कवचे खड्यांतच असतात. काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ परत घाला. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधे पाणी ओता, कारण मीठ उडत नाही. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही सात दिवस हाच क्रम चालवा. एकूण दोन आठवडे धरा.

लाईन गेली की हीटरही जातो. थर्मोकोलची शीट टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना चिकटवा, रात्री वर जुनी गोधडी टाका, हवेला एक कोपरा मोकळा ठेवा. पाणी बदलण्यापूर्वी हीटरचा प्लग काढा. तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते आणि पाण्यात करंट उतरतो.

एक खात्री मात्र आधी करा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर, एका रांगेत, अगदी सारख्या आकाराचे असतील आणि मासा चपळ असेल, तर तो विणीच्या काळातला नर आहे. त्याला कुठलेही औषध नको.

प्रश्न : पुण्याच्या नातेवाइकांनी बदली होताना १०० लिटरची समुद्री टाकी दिली. त्यात मऊ प्रवाळ आहेत, ‘झोआ’ म्हणतात. मार्चपर्यंत फुलत होते. आता बरेचसे मिटले, दोन-तीन ठिकाणी तपकिरी चिकट थर येऊन विरघळल्यासारखे झाले. हा रोग इतर प्रवाळांना लागेल का? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

तुमच्या टाकीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या असाव्यात. त्या वेगळ्या करून बघा.

सगळेच्या सगळे मिटलेत, त्याचे कारण बहुधा रोग नाही, खारटपणा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, १०० लिटरमध्ये साडेतीन किलो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यात वर पंखा लावलेला असला तर, अशा टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडते. चार लिटर उडाले की तेच साडेतीन किलो क्षार ९६ लिटरमध्ये राहतात आणि आकडा ३६.५ वर जातो. तीन दिवस दुर्लक्ष झाले की ४० ला टेकतो. त्यात तुम्ही भर म्हणून मिठाचेच पाणी घालत असाल तर तो खाली येणारच नाही. काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची खूण करा आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी घाला. आरओचे म्हणजे शेवटी खनिजे मिसळणारे नाही, अगदी कमी टीडीएसचे. विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ आणि तापमान २५-२६ अंश हवे. खारटपणा आज वाढलेला सापडला तर तोही एका दिवसात उतरवू नका, दोन-तीन दिवस घ्या.

तपकिरी चिकट थर मात्र खरा आजार आहे आणि तो पसरतो. प्रवाळाचे मेलेले ऊतक, जिवाणू आणि ते खाणारे सूक्ष्म जीव यांचा तो लगदा असतो. प्रवाहाबरोबर त्याचा तुकडा दुसऱ्या प्रवाळावर जाऊन बसला की तिथे सुरू होतो. म्हणून हात लावण्यापूर्वी सगळे पंप बंद करा. बारीक नळीने तो थर ओढून थेट बादलीत घ्या, परत टाकीत एक थेंबही नको. मग तो दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात ठेवा, त्यात लिटरला ५ थेंब ५ टक्के लुगॉल आयोडीन, दहा मिनिटे. काढून स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळा आणि शक्य असेल तर आठवडाभर वेगळ्या भांड्यात, पंपाच्या प्रवाहात ठेवा. भांड्यातले पाणी फेकून द्या. विरघळलेला भाग कापायचा झाला तर चांगल्या भागात एक सेंटिमीटर आत जाऊन कापा. नेमके कडेवर कापले तर आजार मागे राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. झोआंपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय घातक विष असते. कापताना, घासताना हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. असे दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून विष श्वासात जाते आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यावे लागते. हात घातल्यावर ताप, तोंडाला धातूची चव, छातीत दडपण असे काही जाणवले तर डॉक्टरांना प्रवाळाचे नाव घेऊन सांगा.

दगडी प्रवाळ विकत घेण्याचा विचार पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिला आहे. तो सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांना संरक्षण आहे. कायदा नसता तरी चार-चार तास लाईन जाणाऱ्या आणि मे महिन्यात ४५ अंश तापणाऱ्या गावात चिलरशिवाय (पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) ते तगत नाहीत.

प्रश्न : एप्रिलअखेरीस माशांच्या तोंडाला कापसासारखे पांढरे आले, पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा. दीड दिवसात चार मोली मेल्या. पांढरे दिसले म्हणून तुमच्या जुन्या सल्ल्याप्रमाणे हीटर लावला. पुढे काय करू? (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

हीटर आत्ता बंद करा. ठिपके आणि कापूस यांत गल्लत झाली. तोंडाला कापूस, पाठीवर खोगीर आणि एक-दोन दिवसांत मरण ही कॉलमनारिस या जिवाणूची खूण आहे. हा बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. इकच्या उलट याला ऊबच हवी असते. २८ च्या वर तो सुसाट वाढतो, म्हणून आपल्याकडे त्याचा मोसम उन्हाळा.

पाणी गार करायला बर्फ ओतू नका. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथे लावा. टाकीचे काचेचे झाकण काढा, मासे उडू नयेत म्हणून जाळी बांधा आणि लहान टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठावरून तिरपा वाहू द्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत यातून दोन ते चार अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा उपाय फारसा लागू पडत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ६.९. आजारी कल्ल्यांना हा फरक पेलत नाही, म्हणून पंप दुप्पट करा आणि माशांची गर्दी कमी करा.

आजारी मासे वीस लिटरच्या टबात घ्या, खडे-दगड काही नको. मोलींना मीठ मानवते, लिटरला ३ ग्रॅम. त्यावर पोटॅशियम परमॅंगनेट, लिटरला २ मिलिग्रॅम. चिमटीने टाकायची ही वस्तू नाही. सोनाराच्या काट्यावर नेमके १ ग्रॅम तोलून घ्या आणि एक लिटर पाण्यात विरघळवा. आता या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आहे. वीस लिटरला ४० मिलिलिटर, सिरिंजने मोजून. चार तासांनी मासे बाहेर काढा. पाणी जांभळे आहे तोवर औषध जिवंत असते, तपकिरी झाले की संपले. मासा वर येऊन धापा टाकू लागला तर चार तासांची वाट न बघता लगेच साध्या पाण्यात हलवा. बोअरचे पाणी पीएच ८ च्या वर असेल तर मात्रा १.५ वरच ठेवा, अशा पाण्यात ते कल्ल्यांवर तपकिरी गाळ बसवते. फॉर्मलिनबरोबर ते कधीही एकत्र करू नका.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून पाण्यात फोडण्याची पद्धत बरीच दिसते. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतात आणि ते निकामी होते. उरतो तो रंग, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मात्र मरतात. प्रतिजैविक द्यायचेच तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, खाण्यातून. मरतूक थांबत नसेल तर नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाशी संपर्क करून मासा तपासून घ्या. आजारी जिवंत मासा न्या किंवा नुकताच मेलेला पिशवीत घालून बर्फावर. फ्रीजरमध्ये गोठवलेला किंवा दिवसभर पाण्यात तरंगलेला मासा तपासणीच्या कामाचा नसतो.

प्रश्न : आमच्या गावात खारं पाणी हाय. टाकी पुरी धुतली, स्पंज नळाखाली साफ केला, दुसऱ्या दिवसापासून मासे वर तोंड काढून रायले. तीन मेले. अंगावर तर काईच नाई, मंग मरून कायले रायले? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

ही साथ नाही, तुमच्या टाकीतल्या पाण्यात अमोनिया चढला आहे. माशांची घाण आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया सुटतो. स्पंजमध्ये राहणारे जिवाणू तो पचवतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि टीसीएल (क्लोरीनची पूड) टाकलेल्या नळाच्या पाण्याखाली ती मरते. स्पंज पुढे नेहमी टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बस.

खारपाणपट्ट्यात हे जास्त जिवावर बेतते, कारण तिथल्या पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या वर असतो. ३० अंशांवर, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.८ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ८ ला ७.५ टक्के, ८.५ ला २० टक्के. गोड्या पाण्याच्या गावात जो अमोनिया मासा सहन करतो, तोच तुमच्याकडे त्याला मारतो.

आज एक तृतीयांश पाणी बदला, उद्या पुन्हा, आठवडाभर रोज. खाणे तीन दिवस पूर्ण बंद. मोठे मासे त्याने मरत नाहीत. जवळ कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा वापरलेला स्पंज मागून आणा आणि ओलाच तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, यापेक्षा लवकरचा उपाय नाही. बदलायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या टबात भरून हवेचा पंप लावून ठेवा. घाई असेल तर हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, पन्नास लिटरला १ ग्रॅम. पावसाळ्यात टीसीएलची मात्रा वाढते. जलसुरक्षक ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करतात, तेव्हा रंग गडद पिवळा आला का ते विचारून घ्या, त्या दिवशी पाणी बदलू नका.

आणखी एक. कपाशीच्या दिवसांत फवारणीची बादली, मग किंवा त्या हाताने टाकीचे काम नको. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांचा अंशही माशांना पुरे होतो. डासांची कॉइल आणि लिक्विडही याच जातीची, ती टाकीच्या खोलीत लावू नका.

प्रश्न : अंगणातल्या सिमेंटच्या हौदात कोई आहेत. अंगातून हिरवट दोऱ्यासारखे काही लोंबते, बुडाशी लाल सूज. एकाने कीटकनाशकाचे बूचभर टाकायला सांगितले. (ता. लाखांदूर, जि. भंडारा)

बूचभर टाकलेत तर दोरा मरेल आणि मासाही. हा नांगरकिडा, लर्निया. टोकाला दोन सूक्ष्म पिशव्या दिसत असतील तर ती अंडी घेतलेली मादी आहे. तिचे डोके नांगरासारखे मांसात रुतलेले असते. मासा ओल्या फडक्यात धरा, चिमट्याने दोरा अगदी बुडाशी पकडा आणि शेपटीच्या दिशेने सावकाश ओढा. मधेच पकडला तर तुटतो, डोके आत राहून सडते. जखमेवर कानकाडीने पोविडोन आयोडीन लावा, कल्ल्यांना लागू देऊ नका. एका माशाला अर्ध्या मिनिटाहून जास्त बाहेर ठेवू नका.

मासे टबात हलवून हौद रिकामा करा आणि आठ दिवस कडक उन्हात कोरडा पडू द्या. इतक्या दिवसांत मासा न मिळालेली पिल्ले मरतात. चपट्या, हलणाऱ्या, दोन काळ्या डोळ्यांच्या माशांच्या उवा असतील तर त्यांची भिंतीला चिकटलेली अंडीही वाळतात. टबातल्या माशांच्या कल्ल्यांत लहान अवस्था लपलेल्या असतात, म्हणून दर तिसऱ्या दिवशी तपासणी, चार आठवडे. मामा (माजी मालगुजारी) तलावातून आणलेले शेवाळ, कमळाचे कंद आणि बेडकाची पिल्ले हौदात टाकणे बंद करा, हा किडा बहुतेक त्यातूनच आला.

प्रश्न : नवा मासा किती दिवस वेगळा ठेवायचा? मेलेले मासे आणि औषधाचे पाणी कुठे टाकायचे? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

चार आठवडे. वीस-तीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, यापेक्षा काही लागत नाही. जाळी वेगळी हवी. दुकानाच्या पिशवीतले पाणी टबात ओतू नका, मासा जाळीने उचलून घ्या. स्पंज आधीपासून मोठ्या टाकीत बसवून ठेवला असेल तर टब पहिल्या दिवसापासून चालतो.

खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेला, पोट फुगलेला मासा बहुतेक वाचत नाही. त्याला फ्लशमध्ये किंवा जमिनीवर तडफडू देऊ नका. एक लिटर पाण्याला ०.४ मिलिलिटर लवंग तेल, थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून मग मिसळा. मासा त्यात झोपी जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा.

मेलेले मासे झाडाखाली हातभर खोल पुरा, कुत्र्या-मांजरांनी उकरू नये इतके. टाकीचे पाणी किंवा जिवंत मासा तलावात, नाल्यात, शेततळ्यात कधीही सोडू नका. मामा तलावांवर ढीवर कुटुंबांची वर्षाची कमाई असते, एका टाकीतला रोग तिथल्या रोहू-कटल्यात गेला तर तो कोणाला बाहेर काढता येत नाही. मोठा होऊन नकोसा झालेला सकरमाऊथही दुकानदाराला परत द्या, सोडलेले सकरमाऊथ देशातल्या अनेक पाण्यांत माजले आहेत. मिठाचे आणि परमॅंगनेटचे पाणी विहिरीपासून दूर, रिकाम्या जागेवर पसरून ओता, परसबागेत नको. जाळ्या, नळ्या आणि बादल्या दोन दिवस उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या टाकीत घालू नका.